'पार्टिशन' म्हटलं की तुम्हाला आधी काय दिसतं?

निमशब्द
भाषांतराची कामं करते. गेल्या महिन्यात एकापाठोपाठ आलेल्या कागदांमध्ये 'पार्टिशन' हा एकच इंग्रजी शब्द सोंगं बदलत आला. दिवाणी दाव्यात त्याचं 'वाटप' केलं, कुणाच्या तरी आठवणींच्या लेखात 'फाळणी', ऑफिस नूतनीकरणाच्या निविदेत 'आडभिंत'. सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेत मात्र तो मुकाट्याने 'पार्टिशन' म्हणूनच ठेवला, नाहीतर इंजिनिअर लोकांनी फोन करून भंडावलं असतं.

माझं मत असं, की मराठीने हा शब्द उसना घेताना फक्त सुताराकडचा अर्थ घेतला. गावात शेताचं पार्टिशन होत नाही, वाटण्या होतात. १९४७ ला आपण फाळणी म्हणतो. आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र कॅपिटल 'पी'वालं एकच पार्टिशन बाकी सगळ्यांच्या डोक्यावर बसलंय.

तर दोन प्रश्न. तुम्हाला आधी काय दिसतं? आणि या शब्दाचा मूळ अर्थ कोणता समजायचा? वाटण्याची क्रिया, मधला आडोसा, की वाटून हाती आलेला तुकडा?

चिवडा_नाशिक
प्लायवूड. चला, कामाला लागतो.

गिरणगावकर
आमचं बालपण बीडीडी चाळीत गेलं. खोली १६० चौरस फुटांची, माणसं विचारू नका. काकाचं लग्न ठरलं की आधी पार्टिशन उभं राहायचं, मग पत्रिका छापायला जायची. आमच्याकडचं पार्टिशन पार छतापर्यंत नव्हतं. वरचा दीडेक फूट उघडा ठेवलेला, कारण पंखा एकच आणि त्याचं वारं दोन्हीकडे जायला हवं. त्यामुळे आवाजही दोन्हीकडे जायचा, पण त्यावर कुणी बोलायचं नाही. काकूने तिच्या बाजूने आरशासाठी खिळा ठोकला की आमच्या बाजूचं कॅलेंडर धपकन खाली. आजी ओरडायची, "अगं, आमची एकादशी पाडलीस!"

तेव्हा माझ्यासाठी पार्टिशन म्हणजे घर वाढवणं. खोली तेवढीच, पण पार्टिशन घातलं की 'आमच्या दोन खोल्या आहेत' असं सांगता यायचं.

मीठमोहरी
@गिरणगावकर, "आमची एकादशी पाडलीस" 😂😂

कोकणातल्या घरात हेच काम कूड करायचा. कारवीच्या काठ्या, वर माती आणि शेणाचा गिलावा. पलीकडे कोण कुजबुजतंय ते अलीकडे स्पष्ट ऐकू यायचं. म्हणजे सोय नवी नाही, शब्द नवा.

खडूस_सुतार
धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. भिंत आणि पार्टिशन यांत फरक आहे, आणि तो वजनाचा आहे. भिंतीवर वरचं ओझं असू शकतं, पार्टिशनने फक्त स्वतःचं उचलायचं. म्हणून ते आज घाला, उद्या काढा, परवा दोन फूट सरकवा. पूर्वी सागवानी बॅटनची चौकट, दोन्हीकडून चार एमेम प्लाय, कडेला बीडिंग आणि परवडलं तर सनमायका. नंतर अॅल्युमिनियम सेक्शन आला, आता जिप्सम. गिऱ्हाईक 'भिंत' म्हणालं की मी आधी विचारतो, विटांची की पार्टिशनची? दरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

त्यामुळे निमशब्दताई, आमच्यापुरता मूळ अर्थ आडोसा. क्रिया बिया आम्हाला ठाऊक नाही.

बिट_बाईट
आणि आमच्यापुरता तुकडा! संगणकात पार्टिशन म्हणजे मधली रेघ नव्हेच. "डी पार्टिशनमध्ये फोटो ठेवलेत" म्हणतो आपण. भिंतीत कुणी फोटो ठेवतं का?

तरुण मंडळींसाठी इतिहास. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणलेल्या पीसीत डिस्कचे तुकडे पाडणं ही हौस नव्हती, नाइलाज होता. डॉस आणि सुरुवातीचं विंडोज ९५ डिस्कवर फायली मांडायला वापरायचं ती पद्धत 'फॅट १६', त्यात एक पार्टिशन २ जीबीच्या वर जात नसे. ४ जीबीची डिस्क घेतली की सी आणि डी करणं आलंच. शिवाय डिस्कचे तुकडे नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत प्रायमरी पार्टिशनं चारच. पाचवं हवं असेल तर त्यातलं एक 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात आणखी पाडायची.

भूमापक
@बिट_बाईट, हे तर पोटहिस्सेच झाले की हो!

मी भूमी अभिलेखमध्ये होतो, आता निवृत्त. निमशब्द यांना एक सुधारणा सुचवतो. तुम्ही 'फाळणी' फक्त १९४७ साठी ठेवलीत. आमच्या खात्यात 'फाळणी बारा' नावाचा कागद आहे. गटाचे पोटहिस्से मोजले की कुणाच्या वाट्याला किती क्षेत्र आणि त्यावर किती आकार, म्हणजे सारा, बसतो हे त्यात उतरवलेलं असतं. शेतकरी खिडकीशी येऊन विचारतो, "साहेब, फाळणीची नक्कल मिळंल का?" त्याला ना १९४७ ची हद्द आखणारा रॅडक्लिफ आठवतो ना लाहोर. नव्याने रुजू झालेल्या मुलांना मात्र पहिल्या दिवशी हसू यायचं.

निमशब्द
@भूमापक, हे मला नवीन! म्हणजे मराठी शब्दही तसाच फिरलाय. शेताच्या हिशेबातून उठून देशाच्या नकाशावर गेला आणि तिथून परत आलाच नाही. पुण्यामुंबईपुरता तरी.

दिवाणी_बाजू
वकील आहे, थोडं लांबेल.

कायद्यात पार्टिशन म्हणजे मुख्यतः क्रिया. भिंत लागत नाही, कुंपण लागत नाही, काही वेळा जमिनीला हातही लागत नाही. मिताक्षरा या हिंदू कायद्यातल्या परंपरेनुसार चालणाऱ्या एकत्र कुटुंबात एखाद्या सहहिस्सेदाराने "मला वेगळं व्हायचंय" असं निःसंदिग्धपणे इतरांना कळवलं की कायद्याच्या नजरेत तो विभक्त झाला. चूल एकच, गोठा एकच, बैल एकच, तरी विभक्त. प्रत्यक्ष हद्दी पाडणं ही त्यानंतरची पायरी. तेव्हा हुकूमनाम्यात शब्द येतात 'सरस-निरस मानाने वाटप'. नुसतं क्षेत्र समान करून भागत नाही. विहिरीजवळचा तुकडा आणि खडकाळ माळ यांचा मेळ घालावा लागतो. जमीन सरकारला सारा भरणारी असेल तर हे काम कोर्ट स्वतः करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि तिथून पुढे... असो. दावा आजोबा लावतात, ताबा नातू घेतो.

आणि ज्याचे तुकडे केले तर काहीच उरत नाही, म्हणजे समजा दोन खोल्यांचं घर आणि सात वारस, त्यासाठी १८९३ चा 'पार्टिशन अॅक्ट' आहे. तो अजून चालतो. त्यात वाटप करण्याऐवजी मिळकत विकून पैसे वाटायची सोय आहे. म्हणजे पार्टिशनच्या नावाच्या कायद्यात पार्टिशन न करण्याची तरतूद!

ठाणे_पश्चिम
अवांतराबद्दल माफी, पण सुतारदादा इथे आहेतच तर विचारतो. जिप्समच्या पार्टिशनवर ५५ इंची टीव्ही टांगता येतो का? इंटिरिअरवाला हो म्हणतोय, बायको नाही म्हणतेय.

चिवडा_नाशिक
बायको बरोबर आहे. कारण विचारू नका.

लेकुरवाळी
@दिवाणी_बाजू, तुम्ही सातही वारस एका ओळीत बसवलेत. त्यातल्या बहिणींचं काय?

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात कलम २३ होतं. राहत्या घरात मुलीचा हिस्सा मान्य, पण भाऊ आपापसात वाटणी करायची ठरवत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येत नव्हती. अविवाहित, परित्यक्ता किंवा विधवा असेल तर तिथे राहायचा हक्क, बस. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना सहहिस्सेदार केलं, देशभर तो बदल २००५ मध्ये आला आणि तेव्हाच कलम २३ गेलं. बाप २००५ ला हयात होता की नव्हता यावर नंतर कज्जे चालत राहिले, ते सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये निकालात काढलं. हयात असण्याची अट नाही.

कागदावरची गोष्ट झाली ही. प्रत्यक्षात माझ्या माहेरी भाऊबीजेच्या ताटासोबत हक्कसोड पत्र आलं होतं. ओवाळून झाल्यावर. "सही कर, दुपारी तालुक्याला जायचंय." मी म्हटलं, वाचून करते. त्या दिवसापासून त्या घरात माझ्यासाठी पार्टिशन आहे, सुतार न बोलावता घातलेलं. सही अजून केलेली नाही.

मीठमोहरी
@लेकुरवाळी, करूही नका.

खडूस_सुतार
ताई, नमस्कार घ्या.

जुनी_डिक्शनरी
मूळ प्रश्नाकडे वळतो. लॅटिनमध्ये 'पार्स' म्हणजे भाग, त्यावरून वाटणे हे क्रियापद, त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत पार्टिशन. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत वाटून देणं आणि घरातली आडभिंत हे दोन्ही अर्थ सापडतात, त्यामुळे सुतार आणि वकील दोघंही आपापल्या जागी बरोबर.

पण क्रियेचं पारडं जड होतं असं मला वाटतं. १६११ च्या इंग्रजी बायबलात इफिसकरांस पत्रात 'मिडल वॉल ऑफ पार्टिशन' आहे. नुसतं पार्टिशन म्हणून भागलं असतं तर 'वॉल' वेगळं लिहावं लागलं नसतं. मराठी बायबलात तिथे सरळ 'आडभिंत' आहे.

वक्तृत्वशास्त्रात तिसराच अर्थ. भाषणाचे मुद्दे पाडून मांडतात तो भाग म्हणजे पार्टिशन. शेक्सपिअरने यावर कोटी केलीय. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या शेवटच्या अंकात कारागीर मंडळी नाटक बसवतात, त्यात एक माणूस भिंत होऊन उभा राहतो आणि चक्क बोलतो. प्रेक्षकांतला एक सरदार म्हणतो, इतकं हुशार पार्टिशन मी कधी बोलताना ऐकलं नव्हतं. भिंतही आणि भाषणाचा तुकडाही.

देशांसाठी हा शब्द रुळला तो मुख्यतः पोलंडपासून. १७७२, १७९३ आणि १७९५ असं तीनदा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंड वाटून घेतला, मधल्या खेपेला ऑस्ट्रिया तेवढा नव्हता. तिथे भाऊ भाऊ नव्हते. शेजाऱ्यांनी मिळून तिसऱ्याचं घर वाटून घेतलं आणि शब्द मात्र घरगुती वापरला.

ता. क. पार्ट, पार्टी, पार्टनर, अपार्टमेंट, सगळी याच गोतावळ्यातली.

चिवडा_नाशिक
म्हणजे अपार्टमेंटमध्ये पार्टनरने पार्टी मागितली की पार्टिशन होणारच.

कॉर्ककर
आयर्लंडमध्ये राहतो. इथे कुणी नुसतं 'पार्टिशन' म्हणालं तर आपलं नव्हे, त्यांचं. १९२० च्या कायद्याने उत्तरेचे सहा परगणे वेगळे काढले, १९२१ च्या मे महिन्यात ते अंमलात आलं. एकदा कँटीनमध्ये एक आयरिश सहकारी आणि मी बराच वेळ तावातावाने पार्टिशनवर बोलत होतो. तो म्हणत होता, सीमा आयोगाने काहीच केलं नाही. मी म्हणत होतो, अहो, घाईघाईत नको तेवढं केलं. मग लक्षात आलं, तो १९२५ बद्दल बोलतोय आणि मी १९४७ बद्दल. दोघांनी शिव्या मात्र एकाच सरकारला घातल्या होत्या.

त्यामुळे निमशब्द यांचं 'कॅपिटल पी म्हणजे एकच अर्थ' हे मान्य नाही. तो 'पी' ज्याच्या त्याच्या देशाचा असतो.

टिळक_रोड
मलाही धाग्यातलं पहिलंच विधान खटकलं होतं. १९४७ ला इंग्रजी शाळेतले पार्टिशन म्हणतात आणि आपण फाळणी, इथवर ठीक. पण त्याआधी १९०५ आहे. इंग्रजीत ते 'पार्टिशन ऑफ बेंगॉल', १६ ऑक्टोबरपासून लागू. महाराष्ट्रात त्याला शब्द कोणता रुळला? वंगभंग. वाटणी नाही, विभागणी नाही, भंग. सरकारचं म्हणणं होतं, प्रांत मोठा आहे, कारभाराच्या सोयीसाठी दोन करतो. लोकांनी 'सोय' हा अर्थ घेतलाच नाही. पुण्यात विदेशी कपड्यांची होळी त्याच ऑक्टोबरात झाली. १९११ मध्ये दिल्ली दरबारात सरकारला तो निर्णय मागे घ्यावा लागला.

पार्टिशन हा वाटणाऱ्याचा शब्द आहे. ज्याचं वाटलं जातं तो वेगळं काहीतरी म्हणतो.

दिवाणी_बाजू
@टिळक_रोड, सहमत, आणि १९४७ मध्ये तर तो अक्षरशः वकिली अर्थाने वापरला गेला. 'पार्टिशन कौन्सिल' नेमली, तिच्या हाताखाली तज्ज्ञ समित्या. ठेवी, कर्ज, रेल्वेचे डबे, कचेरीतली टेबलं आणि टंकलेखन यंत्रं यांची यादी करून वाटप. मालमत्ता आणि देणी यांत पाकिस्तानचा हिस्सा साडेसतरा टक्के ठरला. रोख ७५ कोटी, त्यातले २० आधी दिले, उरलेल्या ५५ वरून काय झालं ते सर्वांना माहीत आहे. हद्द आखायला आणला तोही वकील. रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आला आणि हद्द जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून गेल्यावर. आमच्याकडे एका विहिरीचा निकाल एवढ्या दिवसांत लागत नाही.

भूमापक
मोजणीची नोटीस सुद्धा एवढ्या दिवसांत बजावून होत नाही. आणि योगायोग पाहा, शेताचे तुकडे पाडू नयेत म्हणून आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा आला, तोही १९४७ चाच.

कॅम्प_तीन
आम्ही सिंधी, उल्हासनगरचे. शाळा मराठी, म्हणून इथे येते.

टिळक_रोड म्हणतात तसंच आमच्या घरी आहे. आजी कधीच पार्टिशन म्हणाली नाही. पुस्तकी सिंधीत विरहाङो असा शब्द आहे, तोही तिने वापरला नाही. ती म्हणायची लडपलाण, म्हणजे सामान उचलून निघणं. तिच्या लेखी देशाचं काय झालं तो मुद्दाच नव्हता, आपण निघालो हा होता. माझ्या पंजाबी जाऊबाई सांगतात, त्यांच्याकडचे म्हातारे 'रौले' म्हणतात, म्हणजे गोंधळ, दंगा.

पण 'पार्टिशन' हा शब्द आजीकडे होता! कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना आणून सोडलं. उल्हासनगर हे नाव १९४९ चं, त्याआधी नुसता कल्याण कॅम्प. लांबच लांब बराकी, एकेका बराकीत अनेक कुटुंबं. मध्ये दोरी बांधून त्यावर गोणपाट नाहीतर साडी टाकलेली. त्या गोणपाटाला ती पार्टिशन म्हणायची. "पार्टिशनच्या पलीकडे लारकान्याचे लोक होते, त्यांची मुलगी रात्री खोकायची." गोणपाटावर गव्हाच्या कंपनीचा निळा शिक्का होता, तो तिच्या बाजूला उलटा आलेला. ती तो वाचायला शिकली, उलटाच. पुढे काही वर्षांनी पत्रा आला, मग विटा. आज तिथे चार मजली इमारत आहे.

आम्ही शाळेत १९४७ चा धडा शिकताना बाई 'भारताचं पार्टिशन' म्हणाल्या, तेव्हा मला बराच वेळ गोणपाटच दिसत होतं.

निमशब्द
@कॅम्प_तीन, हे वाचून दोनदा थांबले. आजींचं आणखी काही लिहिणार असाल तर स्वतंत्र धागा काढा, इथे प्रतिसादांत हरवेल.

गिरणगावकर
+१. वाट बघतो.

गणितवेडी
एक रुक्ष प्रतिसाद. गणितात पार्टिशन म्हणजे एखादी पूर्ण संख्या बेरजेने मोडण्याचे प्रकार. ४ घ्या. ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. एकूण ५. सोपं वाटतं ना? १०० चे होतात १९,०५,६९,२९२. २०० चे ३९,७२,९९,९०,२९,३८८, आणि हा आकडा मॅकमहन नावाच्या गणितज्ञाने हाताने काढला होता. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये सूत्र दिलं, ते या आकड्याशी ताडून पाहिलं आणि जुळलं. रामानुजनने आणखी एक पाहिलं. ४, ९, १४, १९ अशी शेवटी ४ किंवा ९ असलेली कुठलीही संख्या घ्या, तिच्या पार्टिशनांच्या संख्येला ५ ने पूर्ण भाग जातो.

निमशब्द, तुमच्या तीन अर्थांत हे कुठे बसवाल? इथे आडोसा नाही आणि वाटेकरीही नाहीत. शिवाय ३+१ आणि १+३ एकच धरतात, म्हणजे कुणाला काय मिळालं याला किंमत नाही.

दिवाणी_बाजू
कुणाला काय मिळालं याला किंमत नाही? असे अशील मिळाले तर वकिली सोडावी लागेल.

कॉर्ककर
आणखी एक अवांतर. उर्दूतला 'तकसीम' आणि तुर्की 'तक्सिम' एकच, अरबीतून आलेले. सायप्रसमधल्या तुर्कांची बेट वाटून द्यायची मागणी याच शब्दाने ओळखली जायची. आणि इस्तंबूलचा प्रसिद्ध तक्सिम चौक? शहराचं पाणी तिथून निरनिराळ्या भागांत वाटलं जायचं म्हणून ते नाव.

मीठमोहरी
सगळे देश नि कोर्टं फिरून आलात, अंतरपाट कुणालाच आठवला नाही? दोन माणसं धरून उभी, पाहुणे अक्षता घेऊन टपलेले, आणि सगळ्यांना एकच घाई, कधी एकदा दूर होतोय.

खडूस_सुतार
त्याची मजुरी भटजी घेतात, म्हणून मला आठवला नाही.

निमशब्द
@गणितवेडी, बसत नाही, मान्य. त्याला 'विघटन' म्हणावं का? नको, कुजल्यासारखं वाटतं.

बाकी कामाचं ठरवलं ते सांगते. दाव्यात 'वाटप' राहील, निविदेत 'आडभिंत' काढून 'पार्टिशन' करणार, कारण निविदा भरणारे खडूस_सुतार यांच्यासारखेच असणार. आठवणींच्या लेखात लेखकाने तोच शब्द एकदा देशासाठी आणि एकदा निर्वासित छावणीतल्या पडद्यासाठी वापरलाय. पहिल्या वाचनात मला ती डुलकी वाटली होती. तिथे मराठीत एकच शब्द दोन्हीकडे चालेल असा काही सुचतोय का?

जुनी_डिक्शनरी
'फाळणी' पडद्याला चालणार नाही, 'आडोसा' देशाला. दोन्हीकडे पार्टिशनच ठेवा आणि वाचकावर सोडा.

टिळक_रोड
असहमत. देशासाठी फाळणीच हवी. मराठी वाचक ऐंशी वर्षं तेच म्हणतोय.

कॅम्प_तीन
पडद्याला 'पार्टिशन' लिहा, ते लोक तेच म्हणायचे. देशासाठी लेखकाच्या घरी काय म्हणत होते ते त्यांनाच विचारा ना.

निमशब्द
विचारते. ईमेल टाकलाय.

ठाणे_पश्चिम
आणि माझा टीव्ही?

खडूस_सुतार
नुसत्या जिप्समवर नको. बोर्ड बंद करायच्या आधी जिथे टीव्ही येणार तिथे मागून १८ एमेम प्लायची पट्टी चौकटीला मारून घ्या, ब्रॅकेटचे स्क्रू त्या प्लायमध्ये बसले पाहिजेत. बोर्ड आधीच लागला असेल तर उघडावा लागेल. इंटिरिअरवाला कुरकुरेल, कुरकुरू द्या.